लेजपाशी उभं कुठे राहायचं?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाबरोबर ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ खेळत होतो. दोघांचाही शेवटचा स्टॉक. त्याचा टक्का एकशे चाळीसच्या पुढे, माझा साठच्या आसपास. तो स्टेजबाहेर फेकला गेला, कसाबसा परत आला आणि कडेला लटकला. मी धावत जाऊन अगदी कडेवर उभा राहिलो आणि आइक या माझ्या पात्राचा फॉरवर्ड स्मॅश चार्ज करायला घेतला. वर आला की संपला, असा हिशोब होता. तो रोल करून माझ्या पाठीमागे गेला आणि माझा वार रिकामा गेला. त्यानंतर मला कडेबाहेर ढकलून त्याने तो सामना घेतला. त्या संध्याकाळी असं तीनदा झालं.

सामने सेव्ह केले होते, म्हणून रात्री रीप्ले लावून बसलो आणि थांबवत थांबवत पाहिले. मला वाटत होतं, माझा अंदाज चुकत होता. पण तिन्ही वेळा मी एकाच जागी, कडेला पाय लावून उभा होतो. तिथून मारता येण्यासारखी त्याची वाट एकच होती, बाकीच्या साऱ्या मोकळ्या होत्या. अंदाजाच्या आधी माझी जागाच चुकली होती.

हा लेख त्या जागेविषयी आहे. मित्रांबरोबर दोन-चार महिने खेळून झालंय, वार-बचाव जमतोय, पण लेजवर लटकलेला प्रतिस्पर्धी दर वेळी निसटतो, अशा खेळाडूंसाठी तो लिहितो आहे.

आधी खेळ समजून घेऊ

‘अल्टिमेट’ डिसेंबर २०१८ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. मासाहिरो साकुराई यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचा पहिला खेळ १९९९ चा. इथे रक्ताची पट्टी रिकामी करायची नसते. मार खाल तसा तुमचा टक्का वाढतो, टक्का वाढेल तसे तुम्ही लांब उडता आणि पडद्याबाहेर गेलात की एक स्टॉक जातो. म्हणून बाहेर फेकला गेलेला खेळाडू जिवाच्या आकांताने परत येतो आणि स्टेजची कड पकडतो. ही कड म्हणजे लेज.

लेजवरून त्याच्यापुढे पाच वाटा असतात. सरळ वर चढणं, म्हणजे न्यूट्रल गेटअप. चढता चढता वार करणं, म्हणजे गेटअप अटॅक. गडगडत आत येणं, म्हणजे रोल. उडी मारणं, म्हणजे लेज जंप. आणि हात सोडून खाली येऊन डबल जंपने, बहुधा एरियल वार करत, परतणं. सहावी गोष्ट म्हणजे काहीच न करता लटकत राहणं. ती वाट नसली तरी तुमची घाई ओळखण्याचं ते त्याचं साधन आहे.

कबड्डी पाहिलेल्यांना हे लवकर कळेल. चढाईपटूला शेवटी मध्यरेषेवरच परतावं लागतं, हे बचाव करणाऱ्याला माहीत असतं. चांगला कोपरारक्षक उगाच झेप घालत नाही. चढाईपटूची परतीची वाट अरुंद होईल अशा ठिकाणी तो उभा राहतो आणि पाय हाताशी आला की पकड करतो. लेजपाशी तुम्ही त्या कोपरारक्षकाच्या जागी असता.

हे तंत्र आलं कुठून?

याच मालिकेतल्या २००१ च्या ‘मेली’ या खेळात एका लेजवर एकच जण लटकू शकत असे. तुम्ही आधी जाऊन लेज धरलीत की परत येणाऱ्याला धरायला काही उरत नसे आणि तो खाली जाई. याला एजहॉगिंग म्हणत. त्या खेळात शंभर टक्के झाले की लेजवरून चढण्याच्या हालचालीही संथ होत. २०१४ मध्ये थ्रीडीएस आणि वी यूसाठी आलेल्या खेळात हे बदललं. आता नंतर येणारा पहिल्याला लेजवरून ढकलून देतो आणि स्वतः लटकतो. त्याला लेज ट्रंप म्हणतात. ‘अल्टिमेट’मध्ये हाच नियम आहे आणि टक्का कितीही असला तरी चढण्याचा वेग तोच राहतो. परत येणारा बहुतेक वेळा लेज गाठणारच, हे आता धरून चालावं लागतं. म्हणून तो लेज गाठल्यावर काय करतो, यावर खेळ येऊन थांबला आणि लेज ट्रॅपिंग, म्हणजे लेजवर लटकलेल्याला कोंडणं, ही स्वतंत्र विद्या झाली.

लटकलेल्याचं कवच

लेज धरताच दोन फ्रेम त्याला मार लागू शकतो. खेळ सेकंदाला साठ फ्रेमने चालतो, त्यामुळे ही खिडकी फारच अरुंद आहे. कडेखाली पोहोचणारा डाउन टिल्ट असलेली पात्रं तिचा फायदा घेतात आणि खेळाडू त्याला टू-फ्रेमिंग म्हणतात. ती संधी गेली की लटकलेला काही काळ अस्पर्श असतो.

हा काळ दोन गोष्टींवर ठरतो. तो जितका वेळ हवेत होता तितकं कवच जास्त आणि त्याचा टक्का जितका जास्त तितकं कवच कमी. जास्तीत जास्त म्हणजे सुमारे दोन सेकंद. टक्का चढलेला असेल आणि तो लगेच लेजवर परतला असेल, तर अर्ध्या सेकंदाहूनही कमी. जमिनीला पाय न लावता आणि मार न खाता त्याने हात सोडून पुन्हा लेज धरली, तर दुसऱ्या खेपेला कवच मिळतच नाही. असं सहा वेळा झालं की पुढे लेज धरताच येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ लक्षात ठेवा. दीडशे टक्क्यांवरचा प्रतिस्पर्धी लेजवर आला की घड्याळ तुमच्या बाजूने चालत असतं. त्याला लवकर निर्णय घ्यावा लागतो. तुम्हाला थांबणं परवडतं.

दोन शील्डवर, दोन डोळ्यांवर

आता मुद्द्याचं. पाचही वाटांवर एकाच वेळी नजर ठेवायला गेलात तर एकही हाती लागत नाही. त्यांची वाटणी करा.

डोळ्यांनी पाहून हात चालायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे पंधरा फ्रेम लागतात. रोल पाव सेकंदापेक्षा कितीतरी जास्त चालतो, त्यामुळे तो पाहून मारता येतो. लेज जंपमध्ये माणूस हवेत उठताना स्पष्ट दिसतो, तीही पाहून गाठता येते. या दोन वाटा डोळ्यांवर सोडा.

न्यूट्रल गेटअप आणि गेटअप अटॅक या दोन वाटा पाहून मारायला कठीण आहेत, कारण चढून उभा राहिलेला लगेच शील्ड उचलू शकतो आणि गेटअप अटॅक पाहून मागे सरकेपर्यंत तो लागलेला असतो. या दोन शील्डवर सोडा. योग्य वेळी त्याच्या पल्ल्यात शील्ड धरून उभे असाल, तर गेटअप अटॅक शील्डवर आदळतो आणि तो बराच वेळ उघडा पडतो. तो सरळ चढला तर तुमच्या हाताच्या अंतरावर उभा असतो आणि शील्डमधूनच त्याला ग्रॅब करता येतं.

पाचवी वाट, हात सोडून एरियलने येणं, हीसुद्धा बहुधा शील्डवरच येते. तो खाली सुटलेला दिसला की पाऊल मागे घ्या, वार शील्डवर घ्या आणि तो जमिनीवर येईल तिथे मारा.

‘दोन शील्डवर, दोन डोळ्यांवर’ एवढं पाठ केलं तरी तुमच्या लेजच्या खेळात आठवड्याभरात फरक दिसेल.

जागा

लेजपाशी तीन जागा आहेत.

अगदी कडेवर उभे राहिलात, तर गेटअप अटॅक थेट तुम्हाला लागतो, रोल तुमच्या आरपार जाऊन पाठीशी संपतो आणि जंप डोक्यावरून जाते. माझी चूक हीच होती.

स्टेजच्या मध्यावर थांबलात, तर रोल तेवढा तुमच्याकडे येतो. बाकी सगळ्या वाटांनी तो सुखरूप वर येऊन उभा राहतो. तुम्ही त्याला फुकट सोडलंत.

तिसरी जागा या दोन्हींच्या मधली, गेटअप अटॅक जिथे जेमतेम पोहोचत नाही त्या ठिकाणाच्या अर्धं पाऊल मागे. इथून गेटअप अटॅक हवेत जातो आणि धावत जाऊन शिक्षा देता येते. रोल संपतो ती जागा तुमच्या आसपास पडते. जंप समोर दिसते. आणि एका छोट्या डॅशने पल्ल्यात जाऊन शील्ड धरता येतं.

ही जागा प्रत्येक पात्राच्या गेटअप अटॅकप्रमाणे थोडी सरकते. ती अंदाजाने धरू नका. मित्राला लेजवर लटकवा, गेटअप अटॅक करायला सांगा आणि तो जिथे लागायचा थांबतो तिथे स्टेजवरची एखादी खूण पक्की करा. ट्रेनिंग मोडमधल्या ग्रिडच्या स्टेजवर हे मोजणं सोपं जातं. रोल संपण्याची जागाही अशीच मोजून ठेवा.

ही जागा धरून खांबासारखं उभं मात्र राहायचं नाही. त्याचं कवच संपत आलं की एक डॅश आत घ्या, क्षणभर शील्ड धरा, पुन्हा मागे या. हे आत-बाहेर करणं दुहेरी उपयोगाचं आहे. त्याला गेटअप अटॅक कधी लागेल याचा भरवसा वाटत नाही आणि तुमचं शील्डही झिजत नाही. ‘अल्टिमेट’मध्ये धरून ठेवलेलं शील्ड लहान होत जातं. फार वेळ धरलंत तर एखादा वार शील्डखालून पायाला लागतो.

वाट एकेक करून

*गेटअप अटॅक.* शील्डवर आला की घाबरू नका, तुमच्याकडे वेळ आहे. शील्ड न सोडता थेट अप स्मॅश किंवा अप स्पेशल करता येतो. ज्या पात्राचा जो वार लवकर निघतो आणि उडवतो तो वापरा. सरावलेल्यांनी पॅरी करून पाहावा. या खेळात शील्ड सोडण्याच्या क्षणी वार आला तर पॅरी होतो.

*न्यूट्रल गेटअप.* चढताना तो जवळपास सगळा वेळ अस्पर्श असतो, शेवटच्या थोड्या फ्रेम उघड्या असतात. त्या एका वाराने नेमक्या गाठायला जाऊ नका. जास्त वेळ टिकणारा वार, किंवा शील्ड आणि मग ग्रॅब हे भरवशाचे मार्ग आहेत. चढलेला बहुतेकदा घाबरून शील्ड धरतो आणि ग्रॅब शील्डला जुमानत नाही.

*रोल.* इथे सगळ्यात मोठी चूक घाईची. रोल सुरू झालेला दिसताच वार काढला, तर तो अस्पर्श असताना आरपार जातो. रोल दिसला की मनात ‘आला’ म्हणा, त्याच्या दिशेला वळा, आणि तो उभा राहू लागला की मारा. हळू पण जबर स्मॅश असलेल्या बाउझरसारख्या पात्रांना चार्ज केलेला वार इथेच फळतो.

*लेज जंप.* उडीच्या सुरुवातीला कवच असतं, वर गेल्यावर नसतं. लेज जंपनंतर त्याच्याकडे डबल जंप शिल्लक असते हे विसरू नका. पहिल्या उडीवर झडप घातली आणि त्याने डबल जंप केली तर तुम्ही दोघं जागा बदलता आणि फायदा जातो. उठताना एखादा अप टिल्ट किंवा अप एअर लागला तर उत्तमच. नाही तर तो उतरेल कुठे ते पाहा. बॅटलफील्डसारख्या स्टेजवर तो बाजूच्या प्लॅटफॉर्मवर उतरायला बघतो, त्यामुळे प्लॅटफॉर्मखालचा वार हाताशी ठेवा.

*लटकत राहणं.* तो काहीच करत नसेल तर तुम्हीही काही करू नका. कवच संपल्यावर कडेखाली पोहोचणारा वार तुमच्याकडे असेल तर तो मारा. नसेल तर आत-बाहेर चालू ठेवा.

एक प्रसंग जवळून

समजा तुम्ही लुसिना आहात आणि समोरचा मारिओ एकशे वीस टक्क्यांवर लेज धरतो. तुम्ही तिसऱ्या जागेवर. मारिओ थोडाच वेळ हवेत होता, म्हणजे कवच जेमतेम पाव-अर्ध्या सेकंदाचं. तुम्ही एक डॅश आत घेता आणि शील्ड. तो हलत नाही, तुमचं शील्ड पाहतोय. तुम्ही मागे येता. आता त्याला वाटतं, मोकळीक मिळाली, आणि तो रोल करतो. तुम्ही आधीच मागे असल्यामुळे रोल तुमच्या अगदी जवळ संपतो. वळता, थांबता, तो उठतो, फॉरवर्ड स्मॅश. लुसिनाच्या तलवारीचा कुठलाही भाग सारखाच लागतो, त्यामुळे मार्थसारखं पात्याच्या टोकाचं नेमकं अंतर साधण्याची चिंता नाही.

आता तोच प्रसंग, पण तुम्ही मागे येताच मारिओ उडी मारतो. तुम्ही लगेच झेपावत नाही. तो हवेत दिसतो, डबल जंप करतो, प्लॅटफॉर्मकडे वळतो. तुम्ही खालून जाता आणि अप एअर. कदाचित तो मरत नाही. पण तो पुन्हा हवेत आहे, खाली तुम्ही आहात, आणि थोड्या वेळात तो परत लेजवर येईल. फायदा तुमच्याच हाती राहिला.

या दुसऱ्या प्रसंगालाही मी यश मानतो. लेजवर प्रत्येक वेळी स्टॉक घ्यायचाच असं ठरवून बसणारा खेळाडू शेवटी चार्ज केलेल्या स्मॅशवर येतो आणि रोलला बळी पडतो.

वस्तूंची मदत

काही पात्रांकडे दुसरा पहारेकरी असतो. स्नेकचा डाउन स्मॅश जमिनीत सुरुंग पेरतो. इझाबेलचा लॉइड जमिनीत दबा धरून बसतो. आर.ओ.बी.ची गायरो फिरत राहते. लिंककडे रिमोट बॉम्ब आहे, बाउझर ज्युनिअरकडे चालता मेकाकूपा. या साऱ्यांचं काम एकच आहे. वस्तूने जमीन धरली की चढणं आणि रोल दोन्ही धोक्याचे होतात, आणि प्रतिस्पर्धी उडीकडे ढकलला जातो. मग तुम्ही हवेकडे लक्ष द्या. वस्तू टाकून तिच्याच शेजारी उभे राहिलात तर दोघं मिळून एकच काम करताय. ती एका जागी, तुम्ही दुसऱ्या.

सवय ओळखा

जागा बरोबर झाली की मग अंदाजाला किंमत येते. घाबरलेला माणूस सवयीवर जातो. पहिल्या स्टॉकमध्ये लेजवर तो काय करतो हे मनात नोंदवा. कमी टक्क्यांवर उडी आणि जास्त टक्क्यांवर रोल, किंवा कवच संपेपर्यंत वाट बघून मग गेटअप अटॅक, असे नमुने लवकर दिसू लागतात. एकदा रोलला मार खाल्लेला पुढच्या वेळी बहुधा रोल टाळतो, हेही लक्षात ठेवा. शेवटच्या स्टॉकला ही नोंद कामी येते. तेव्हाही अंदाजावर सगळं लावू नका. अर्धं पाऊल तिकडे झुका एवढंच.

मोठ्या खेळाडूंचे सामने पाहताना हे शोधा. मेक्सिकोच्या एमकेलिओने २०१९ ला लास व्हेगासच्या ईव्हो स्पर्धेत जोकर घेऊन विजेतेपद मिळवलं. त्याचे सामने लावा आणि वार बघायचे सोडून प्रतिस्पर्धी लेजवर असताना तो उभा कुठे असतो ते पाहा.

सराव

मित्राबरोबर रोज वीस मिनिटं द्या. पहिले दोन दिवस त्याने लेजवरून फक्त रोल किंवा जंप करायची, तुम्ही पाहून उत्तर द्यायचं. पुढचे दोन दिवस फक्त न्यूट्रल गेटअप किंवा गेटअप अटॅक, तुम्ही शील्डने उत्तर द्यायचं. पाचव्या दिवशी सगळ्या वाटा खुल्या. दर दहा खेपांमागे किती वेळा तो सुखरूप मध्यापर्यंत पोहोचला हे कागदावर लिहा. मग भूमिका बदला. लटकणारा होऊन पाहिल्याशिवाय कुठल्या जागेची भीती वाटते हे कळत नाही.

ऑनलाइन खेळताना बटण दाबणं आणि हालचाल यांत उशीर पडतो, त्यामुळे डोळ्यांवर सोडलेल्या वाटाही अवघड होतात. तिथे शील्ड आणि जागा यांवर जास्त भिस्त ठेवा आणि जमल्यास वायफायऐवजी लॅनची तार वापरा.

यंदा उन्हाळ्यात मामेभाऊ पुन्हा आला. तोच शेवटचा स्टॉक, तोच लटकलेला. मी अर्धं पाऊल मागे उभा राहिलो, आत गेलो, शील्ड धरलं, मागे आलो. त्याने हात सोडून पुन्हा लेज धरली. मी तसाच. त्याने वर बघून विचारलं, “अरे, मारत का नाहीस?” आणि बोलता बोलता गेटअप अटॅक दाबला. तो माझ्यापासून बोटभर अंतरावर हवेत गेला. आइकला धावत पोहोचायला पुरेसा वेळ होता.